वाटाड्याचं नाव छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोहरमच्या पहिल्या तारखेला आपल्या अंकात हिजरी सनावर चौकट आली होती. ‘याच दिवशी पैगंबर मक्केहून मदिनेला निघाले,’ असं तीत होतं. ते दुरुस्त व्हावं. पैगंबर (स.) मदिनेजवळच्या कुबा गावी पोचले ते रबीउल अव्वल महिन्यात, 622 च्या सप्टेंबरात. हिजरतीपासून, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाण्यापासून, सन मोजायचं ठरलं पुढे दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळात. अरबांचं वर्ष आधीपासून मोहरमला सुरू व्हायचं, ते तसंच ठेवलं.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. चौकटीत पैगंबर आहेत, त्यांचे सोबती हजरत अबू बकर (रजि.) आहेत, दोघं लपले ती गुहाही आहे. वाट दाखवणारा माणूस तेवढा नाही.

मी अकरा वर्षं जेद्दा ते मदिना ट्रेलर चालवला. राबिग आलं की उजव्या हाताला लांबवर उघडेबोडके डोंगर दिसतात. तिथल्या एका पंपावर चहा पिताना सोबतच्या येमेनी ड्रायव्हरने बोट दाखवून सांगितलं, सनिय्यतुल मुर्रा त्या अंगाला. सनिय्या म्हणजे डोंगरातली खिंड; मदिनेला जाताना पैगंबर याच खिंडीतून गेले. गाडी मालकाची, खेपेची वेळ ठरलेली, त्यामुळे त्या खिंडीत माझा पाय काही पडला नाही. आजही त्याची चुटपुट आहे.

मदिना मक्केच्या उत्तरेला. हे दोघं मात्र आधी दक्षिणेला गेले आणि सौर डोंगरातल्या गुहेत तीन रात्री राहिले. मग समुद्राच्या बाजूने, उस्फानच्या खालून, कुदैदवरून या खिंडीत शिरले आणि पलीकडे लिक्फला उतरले. आठव्या शतकातले चरित्रकार इब्न इसहाक यांनी हे मुक्काम एकेक करून नोंदवलेत. नेहमीचा कारवान-रस्ता सोडून अशी वाट काढायची, तर डोंगर ज्याच्या पायाखालचे आहेत असाच माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे अब्दुल्ला बिन उरैकित. तो मुसलमान नव्हता, पैगंबरांच्या विरोधात गेलेल्या मक्केच्या कुरैश टोळीच्याच जुन्या धर्माचा होता. तरी दोन्ही उंटिणी आधीच त्याच्या ताब्यात दिल्या होत्या आणि तीन रात्रींनी गुहेपाशी ये, एवढंच सांगितलं होतं. इकडे कुरैशांनी पैगंबर आणि अबू बकर दोघांच्याही डोक्यावर शंभर शंभर उंटांचं इनाम लावलेलं. लपायची जागा त्याला ठाऊक होती. एक शब्द बोलला असता तर जन्माचं दैन्य फिटलं असतं. तो बोलला नाही. ठरल्या सकाळी उंटिणी घेऊन हजर झाला.

हे मला एवढं का लागतं, तर लहानपणी आजोबांबरोबर मी हातलोट घाट चढलोय. सुक्या मासळीची ओझी घेऊन वर जायचं. बिरमणी गावातून एक वाटाड्या सोबत घ्यायचे, जातीने धर्माने आमच्यातला नव्हे. जिथे वाट फुटेल तिथे तो थांबायचा आणि चुकीच्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकायचा, मागचा कुणी भरकटू नये म्हणून. धुक्यात पुढचं माणूस दिसत नसे, त्या डहाळ्या दिसत. माथ्यावर फडकं सोडलं की पहिली भाकरी आजोबा त्याच्या हातावर ठेवायचे, मग आम्हाला.

आता मक्का ते मदिना 450 किलोमीटरची रेल्वे आहे, 2018 पासून. आमच्या गावचे हाजी तिने जातात आणि आरामात पोचले म्हणून फोन करतात. मी त्यांना उरैकितबद्दल विचारतो. बहुतेकांनी नाव ऐकलेलं नसतं. त्यांना तरी काय बोल लावणार, लिहिणारेच ते गाळतात.

तारखेची दुरुस्ती आपण छापालच. तिच्याखाली एक ओळ वाढवा: मक्केपासून कुब्यापर्यंत वाट दाखवणारा अब्दुल्ला बिन उरैकित होता.

आपला,
एक निवृत्त ट्रेलरचालक
खेड, जि. रत्नागिरी