केळीचा खोका, पेन्सिल आणि तुझा लॅपटॉप

काय भो,

तुझा मेसेज वाचला. "पेन्सिल घासायला लावून पोरांचं सेमिस्टर का खातोस" म्हणे! डिझाइनच्या पोरांनी आधी हाताने स्केच काढायचं की थेट कॉम्प्युटरवर, यावरून फोनवर आपलं भांडणच होतं म्हणून नीट लिहितोय.

यावर्षी पॅकेजिंगच्या विषयाला पोरांना केळीचा खोका डिझाइन करायला दिला, आपल्या रावेर-सावद्याहून जातो तोच, 13 किलोवाला. सगळी लॅपटॉप उघडून बसली आणि दुपारपर्यंत रेंडर (खऱ्यासारखं दिसणारं कॉम्प्युटरचं चित्र) तयार, सावली बिवली टाकून एकदम चकाचक. हीच तर गोची आहे, चकाचक दिसलं की पोरगं त्याच्या प्रेमात पडतं, मग काही बदल सांगितला की वकिली सुरू. पेन्सिलचं कच्चं स्केच फाडायला कोणालाच काही वाटत नाही.

मग म्हटलं डायलाइन, म्हणजे खोका कुठे कापायचा-दुमडायचा त्याचा आराखडा, तो नंतर, आधी हात घालायचं भोक पुठ्ठ्यावर फुल साइज काढा आणि कटरने कापा. झूम करून करून काढलेलं ते भोक, त्यात चार बोटं जाईनात! पॅकहाऊसचे एक काका बोलावले होते, ते म्हणे, "यामा हात कथा घालू भो?" (यात हात कुठे घालू?) स्क्रीनवर माप कळतच नाही रे, तेवढ्याच जागेत अख्खा खोका पण मावतो आणि नुसतं भोक पण.

पण कॉम्प्युटर नको असं मी कधी म्हटलं? झाकण आणि खालचा ट्रे, दोघांची हवेची भोकं एकावर एक यायलाच पाहिजेत, नाहीतर कंटेनरमधली 13-14 डिग्रीची गार हवा केळीपर्यंत जाणार कशी, आणि ते मिलिमीटरचं काम हाताने करत बसणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पुठ्ठा कापायचा साचा बनवणाऱ्या डायवाल्यालाही फाइलच लागते. 1963 मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंडने स्केचपॅड नावाचा चित्र काढायचा प्रोग्राम केला त्यातही हेच होतं बघ, माणसाने लाइट पेनने (स्क्रीनवरच चालवायच्या पेनने) अंदाजे रेष ओढायची, ती समांतर नि काटकोनात बसवायचं काम मशीनचं.

खरी पंचाईत वेगळीच, एलिमेंटरी-इंटरमिजिएट न दिलेली पोरं कागदालाच घाबरतात. त्यांना सांगतो, सुंदर काढूच नका. चोपड्याकडच्या एका पोराचं चित्र अगदी ओबडधोबड, पण खोका उचलताना मनगट कसं वळतं ते त्याने बरोब्बर पकडलं, आणि हँडल त्याचंच सगळ्यात भारी निघालं. टॅबलेटवर काढलं असतं तरी मला चाललं असतं, बघितलं तर होतं ना त्याने!

हिवाळ्यात ये, तुझं ते थ्रीडी शिकव पोरांना, दोन दिवस देतो. आधी भरलेले खोके उचलायला लावीन हां, मग भरीत आणि कळण्याची भाकरी.

तुझाच