कांडेसराच्या पायातला मांजा

बाळ्या,

लेका फोनच करणार होतो, पण फोनवर तू "बरं मग?" म्हणतोस आणि विषयच मरतो. म्हणून लिहितोय. तब्येत ठीक, आप्पांची शुगर आहे तिथेच आहे.

तर आपले कांडेसर, ते लोकरी मानेचे करकोचे. जोडी यंदाही मखमलाबादच्या मळ्यात आलीय. पाटाला आवर्तन सुटलं की कांद्यात दारं धरायला मी, आणि मागे हे दोघं. वाफ्यात पाणी शिरलं की किडे, नाकतोडे, एखादं बेडूक बाहेर पडतं, ते टिपत निवांत चालायचं. मी फावडं मारत असलो तर पार जवळ येतात, पण आईने ओट्यावरून हाक मारली की उडालेच. आईला सगळी गल्ली घाबरते म्हणा.

परवा त्यातल्या एकाच्या पायात मांजा दिसला. नायलॉनचा, हिरवा. 2017 पासून देशभर बंदी आहे, तरी संक्रांतीला मागच्या दाराने मिळतोच. सांध्याच्या खाली वेढे बसलेत आणि हातभर दोरा मागे लोंबतोय. मूळचे पाय लाल, पण हे लोक उन्हात गारव्याला आपल्याच पायांवर शिटतात ना, तो पांढरा थर वाळून दोऱ्यावर बसलाय. दुर्बिणीतून बघूनही दोरा कातडीत रुतलाय की नुसता चिकटलाय ते कळेना.

चालतोय व्यवस्थित, खातोय, उडतोय. मला भीती रात्रीची आहे. झोपायला पाटाकडेच्या उंच चिंचेवर जातात, तिथे लोंबता दोरा फांदीत अडकला तर? आणि हा जातीचा मुका रे! बगळा असता तर ओरडून गाव गोळा केलं असतं, हा फार तर चोच वाजवेल, ती घरापर्यंत कोण ऐकणार? सकाळी उठल्यावर आधी चिंचेकडे बघतो, मग चहा. बायको म्हणते एवढं कधी माझ्याकडे बघितलं नाहीस.

वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला उडतोय तोवर हात लावू नका, मागे लागलात तर घाबरून कुठेतरी तारेत जाईल, खाली बसला की फोन करा. पटतं, पण म्हणजे तो पडायची वाट बघायची? तुषार म्हणतो फासे लावू. मी त्याला हाकलला, फाशात पाय मोडला म्हणजे झालंच. पण रात्री पडल्या पडल्या तेच डोक्यात येतं, खोटं कशाला बोलू.

तू त्या घुबडाचा मांजा कापला होतास, तेव्हा आधी टॉवेल टाकलास की आधी पाय धरलास? आणि आठवतंय, नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीला तो रामसर-बिमसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळायच्या कितीतरी आधी तिथल्या चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर तू याच पक्ष्याला बगळा म्हणून माझ्याशी भांडलास? मान सरळ ताणून उडाला की करकोचा, घडी घालून उडाला की बगळा, एवढंच होतं. पैजेची मिसळ अजून बाकी आहे.

बागेच्या कडेच्या सुट्या तारा, जाळीचे तुकडे सगळे काढून टाकलेत. तेवढंच हातात होतं.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? चिंगी चालायला लागली म्हणे, फोटो टाक. वहिनींना नमस्कार.

घुबडाचं मात्र आजच कळव, आणि या आठवड्यात सुट्टी निघत असेल तर तूच ये. जाड टॉवेल आणि ती बोथट टोकाची कात्री घेऊन ये, इथली आईने कोथिंबिरीला लावलीय. लाइट या आठवड्यात रात्रीची आहे, म्हणजे मी जागाच असतो, कधीही फोन कर.

तुझा,
पक्या