कुत्र्याचा जंत आणि आमचा हत्तीरोग

महोदय,

गुरांच्या दवाखान्यात मी २८ वर्षं काढली. कुत्र्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला की त्यात वळवळणारी बाळकृमी कधीकधी दिसायची. तेव्हा माझ्या आईचा पाय आठवायचा. तिला हत्तीरोग होता. चप्पल कधी बसलीच नाही.

कुत्र्याच्या रक्तातला कृमी आणि हत्तीरोग घडवणारा कृमी, हे दोन्ही एकाच कुळातले, दोन्ही डासांतून पसरणारे. कुत्र्याच्या हृदयात शेवईसारखा वीतभर वाढणारा डायरोफिलेरिया इमिटिस घ्या. त्याचा जीनोम, म्हणजे डीएनएमधला संपूर्ण जनुकीय मजकूर, २०१२ साली बाझल आणि एडिंबरो इथल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला: सुमारे ८.४ कोटी अक्षरं. सोबत कृमीच्या पेशींत राहणाऱ्या वोल्बाकिया या जिवाणूचाही. हा जिवाणू मारला की कृमी खंगतो, म्हणून डॉक्सिसायक्लिनसारखं जुनं, स्वस्त औषध इथे उपयोगी पडतं. हत्तीरोगाच्या कृमीतही हाच सोबती असतो!

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात कुत्र्यांमधले काही हृदयकृमी आयव्हरमेक्टिन या कृमिनाशकाच्या जातीच्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. जीनोम हाताशी असल्यामुळे असे कृमी ओळखण्याच्या जनुकीय खुणा तिथे शोधता आल्या. आयव्हरमेक्टिन हे हत्तीरोगाच्या तिहेरी गोळ्यांतलंही एक औषध आहे. म्हणून विदर्भातल्या पशुवैद्यक आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी कुत्र्यांच्या व माणसांच्या रक्तातले कृमी एकत्र तपासावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नमुने गोळा करायला मी आजही यायला तयार आहे.

— एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, पवनी (जि. भंडारा)