सूचना : रविवारपासून कमाटी बागेत सकाळची फेरी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता कमाटी बागेत फुलांच्या घड्याळाजवळ जमायचे आहे. मागच्या भजनाला आपण सलग दोन तास बसलो. उठताना कितीजणांनी शेजारच्याचा खांदा धरला, ते मी पाहिले आणि मनाला लागले.

बसून राहण्याचे नुकसान नवे नाही. १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. गाडी एकच, पगारही एकाच कंपनीचा! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही करावेत. म्हणून फेरीनंतर दहा मिनिटे बाकाला धरून एका पायावर उभे राहू. पडण्याची भीती त्यानेच कमी होते.

यापुढे भजनातही दर अर्ध्या तासाने सगळ्यांनी उठायचे, पेटीवाल्यांनीसुद्धा.

हृदयाचा त्रास किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. चपला नकोत, बूट घालून यावे. सूनबाई, नातवंडे आली तर आनंदच आहे.

– कार्यवाह