बाळाच्या नावाबद्दल

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

पत्रिका छापायला देण्याआधी हे वाचा. मसुद्यात 'काओइम्हीन' झालंय. उच्चार 'कीवीन' असा आहे. गोव्यात, वसईत भेटणारा केविन तो हाच, फक्त इंग्रजीतून आलेला.

आयरिशमध्ये सी-ए-ओ-आय-एम-एच-आय-एन अशी आठ अक्षरं. त्यातल्या ए-ओ-आय मिळून एकच दीर्घ 'ई'. मालवणजवळच्या वराडच्या वराडकरांचा लिओ इथला, आयर्लंडचा, पंतप्रधान झाला ना, त्या पदाला 'टीशख' म्हणतात. त्यातही हेच त्रिकूट. एम-एच म्हणजे 'व'. पूर्वी एमवर नुसतं टिंब देत, विसाव्या शतकाच्या मध्याला रोमन टाइप आला आणि टिंबाच्या जागी एच बसला. दुसऱ्या आयवरची तिरकी रेघ, म्हणजे 'फाडा', गाळली की 'वी'चा 'वि' होतो. पासपोर्टच्या खालच्या यंत्राने वाचायच्या ओळीत ती चालतच नाही, पण पत्रिकेत इंग्रजी अक्षरांत नाव छापलंत तर हवीच.

आता अर्थ. जुनं रूप 'कोइवगेन'. पहिला भाग म्हणजे कोमल, प्रिय, देखणा. दुसरा म्हणजे जन्म, आपल्या संस्कृत 'जन्'चा चुलतभाऊच. म्हणजे आपल्याकडचा 'सुजात' सगळ्यात जवळचा. शेवटच्या 'ईन'मुळे काहीजण 'छोटा लाडका' असा अर्थ लावतात, कारण आयरिशमध्ये लाडाचा प्रत्यय तसाच आहे. पण इथे तो प्रत्यय नाही, मधला ग झिजून उरलेला 'गेन' आहे.

नाव गाजलं ते डब्लिनच्या दक्षिणेला विकलोच्या डोंगरात, ग्लेंडालॉखला मठ स्थापणाऱ्या संतामुळे. त्यांचं निधन 618 सालचं मानतात, सण 3 जूनला. हात पसरून प्रार्थना करताना तळहातावर कस्तुर पक्षिणीने अंडी घातली, तर पिल्लं उडेपर्यंत हात हलवला नाही म्हणे. आईला ही गोष्ट आवडेल.

हाक मारताना मात्र 'अ खीवीन', ख घशातून. आपल्या रामचा 'रामा' होतो तशी यांचीही संबोधन विभक्ती आहे, फक्त बदल नावाच्या तोंडाशी होतो. स्कॉटलंडच्या 'शेमस'ला मारलेली 'अ हेमिश' ही हाक ऐकून इंग्रजांनी तेच नाव समजलं. हेमिश हे नाव असंच तयार झालं!

चांदीच्या वाटीवर 'कीवीन' कोरून घ्या, दोन्ही वेलांट्या दीर्घ.

तुमची,
लेक