आयरिश आणि वेल्श: एकच फूटपट्टी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वेल्श आणि आयरिश लोकांवर आलेला लेख वाचला. एरवी 'इंग्लंड' म्हटलं की चार देश एका शब्दात उरकले जातात, तेव्हा हा विषय घेतल्याबद्दल आधी आभार. पण लेखकाचा मुख्य सिद्धांत मला पटला नाही. स्वतःचं राज्य नसलं की भाषा जाते आणि भाषा गेली की राष्ट्र संपतं, असं ते म्हणतात. वाक्य टाळ्या घेणारं आहे. अडचण एवढीच, की ज्या दोन समाजांच्या आधारावर ते उभं केलंय, तेच दोघे ते खोटं पाडतात.

मी उत्तर वेल्समधल्या एका रुग्णालयात, वृद्धांच्या वॉर्डात, डॉक्टर म्हणून नोकरी केली आणि तिथेच निवृत्त झाले. वॉर्डात एक आजीबाई होत्या. जन्मभर दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्या, पण स्मृतिभ्रंश वाढत गेला तशी आधी इंग्रजी गेली. मी काही विचारलं की नुसत्या माझ्याकडे बघत राहायच्या. फरशी पुसायला येणारी बाई जवळच्याच खेड्यातली होती. ती बादली बाजूला सरकवून वेल्शमध्ये विचारायची, "कुठं दुखतंय?" की आजी सुरू: गुडघा, गार झालेला चहा, पलीकडच्या खाटेवरची घोरणारी म्हातारी. दुखणं, जेवण, झोप, संडास एवढ्यापुरती वेल्श मग मीही शिकून घेतली. वेल्श येणारे कर्मचारी गणवेशावर नारिंगी बिल्ला लावतात, म्हणजे आपल्या भाषेत कोणाशी बोलता येईल ते रुग्णाला लांबूनच कळतं.

आता लेखकाच्या हिशेबाने ही भाषा केव्हाच संपायला हवी होती. वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजा लुवेलिन १२८२ मध्ये मारला गेला. ओवेन ग्लिनडूरने १४०० साली इंग्रजांविरुद्ध उठाव केला, १४०४ मध्ये माखनलेथला संसदही भरवली, पण तेही टिकलं नाही. १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि कोर्टकचेरीतून वेल्श हद्दपार झाली. तरीही २०२१ च्या जनगणनेत ५ लाख ३८ हजार लोकांनी, म्हणजे १७.८ टक्क्यांनी, आपल्याला वेल्श येते असं नोंदवलं.

हे कसं झालं? १५८८ मध्ये बिशप विल्यम मॉर्गन यांचं संपूर्ण वेल्श बायबल छापलं गेलं. प्रजेने निमूट प्रोटेस्टंट व्हावं एवढाच सरकारचा मतलब होता, पण भाषेला त्यातून छापील प्रमाण रूप मिळालं. पुढे चॅपलं, म्हणजे सरकारी चर्चपासून फुटलेल्या पंथांची प्रार्थनाघरं, आली, रविवारच्या शाळा आल्या. तिथे मुलांच्या बरोबरीने मोठी माणसंही याच भाषेत अक्षरं गिरवायला शिकली. दुसरं कारण कोळसा आणि लोखंड, आणि ते लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. एकोणिसाव्या शतकात गावाकडे पोट भरेना तेव्हा वेल्श शेतमजुराला दक्षिणेच्या खाणींत काम मिळालं. त्याला देशाबाहेर जावं लागलं नाही, म्हणून त्याची बोली देशातच राहिली. (खाणींनी पुढे भाषेचं नुकसानही केलं, कारण इंग्लंडमधूनही मजुरांचे लोंढे आले. पण ती नंतरची गोष्ट.)

आयर्लंडच्या नशिबी ही सोय नव्हती. १८४५ पासून बटाट्यावर, म्हणजे गरिबांच्या मुख्य अन्नावर, रोग पडला. सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. १८४१ मध्ये ८२ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. सर्वांत जास्त भरडला गेला तो पश्चिमेकडचा गरीब कूळ, आणि आयरिश बोलणारा होता तोच. उरलेल्यांच्या पोरांना पुढेमागे बॉस्टन-न्यूयॉर्कचं जहाज धरायचं होतं. १८३१ पासून सरकारी शाळा इंग्रजीतच होत्या. आईबापांनीच मुलांना इंग्रजीकडे ढकललं, आणि त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

१९२२ मध्ये स्वतःचं राज्य आलं. १९३७ च्या घटनेने आयरिशला पहिली राजभाषा केलं, शाळांत सक्ती आली, पाट्या आल्या. आणि २०२२ ची जनगणना काय सांगते? भाषा येते म्हणणारे १८ लाखांहून अधिक, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे सुमारे ७२ हजार. राज्य हाती येऊन शंभर वर्षं झाली, तरी हा आकडा.

म्हणून आयरिश माणूस कमी आयरिश झाला का? डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये हर्लिंगचा अंतिम सामना बघा. लाकडी काठ्या, चामड्याचा चेंडू, ८२ हजारांचं स्टेडियम, आणि मैदानातल्या एकाही खेळाडूला खेळण्याचा पगार नाही. आदल्या दिवशीपर्यंत शाळेत शिकवणारा किंवा गाई राखणारा माणूस आपल्या जिल्ह्यासाठी उतरतो. जिंकलेला कप्तान चषक उचलून भाषणाची सुरुवात हमखास आयरिशमध्ये करतो. दोन-चार वाक्यं होतात, मग गाडी इंग्रजीवर येते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हे खेळ सांभाळणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १८८४ ची, म्हणजे राज्याहून जुनी. तिचा सोवळेपणाही दांडगा होता. आयरिश भाषेच्या चळवळीसाठी आयुष्य वेचलेले डग्लस हाइड १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पदाला शोभेल म्हणून ते फुटबॉलचा एक आंतरराष्ट्रीय सामना बघायला गेले, तर 'परदेशी खेळ' पाहिल्याबद्दल असोसिएशनने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं!

वेल्श आणि आयरिश एकाच केल्टिक कुळातले, म्हणून लेखात रंगवलेला 'केल्टिक बंधुभाव'ही मला जरा जास्तच गोड वाटला. उत्तर वेल्समध्ये बाला गावाजवळ फ्रॉन्गोख नावाचं खेडं आहे. ब्रिटिश राजवटीविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या १९१६ च्या ईस्टर उठावानंतर सुमारे १८०० आयरिश कैदी तिथल्या छावणीत डांबले होते, पुढे आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता झालेला मायकेल कॉलिन्स त्यांपैकीच. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये लॉइड जॉर्ज ब्रिटनचे पंतप्रधान झाले आणि नाताळच्या तोंडावर छावणी रिकामी झाली. लॉइड जॉर्ज यांची मातृभाषा वेल्श. पण १९२० मध्ये आयर्लंडवर 'ब्लॅक अँड टॅन्स' हे दंडेलीसाठी कुप्रसिद्ध जादा पोलीस सोडले गेले ते त्यांच्याच कारकिर्दीत, आणि आयरिश राज्य ज्यातून आलं त्या १९२१ च्या तहाच्या वेळी कॉलिन्सला युद्धाची धमकी देणारेही तेच.

त्याच फ्रॉन्गोखच्या थोडं वर, त्रवेरिन नदीच्या खोऱ्यात, कापेल केलिन हे सगळं वेल्श बोलणारं गाव होतं. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून १९५७ मध्ये लंडनच्या संसदेने धरणाचा कायदा केला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही, तरी तो झाला. १९६५ मध्ये शाळा, चॅपल, पोस्ट आणि घरं पाण्याखाली गेली. मी गेले तेव्हा उन्हाळ्यात पाणी उतरलं होतं आणि काठाला कुंपणांच्या दगडी भिंती दिसत होत्या. वेल्श राष्ट्रवाद पुस्तकातून घराघरांत पोचला तो या धरणामुळे. १९६६ मध्ये प्लायड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार, ग्विनवर इव्हान्स, निवडून आले. १९८० मध्ये त्याच इव्हान्स यांनी वेल्श दूरचित्रवाहिनीसाठी आमरण उपोषण जाहीर केलं, थॅचर सरकारने माघार घेतली आणि १९८२ पासून वाहिनी चालू आहे.

वेल्सचं सगळं चांगलंच आहे असं मात्र समजू नये. स्वतंत्र विधानसभा हवी का, या प्रश्नावर १९७९ मध्ये चारास एक या प्रमाणात 'नको' पडलं. दक्षिणेच्या इंग्रजी बोलणाऱ्या खाणकामगारांना धास्ती होती, की उत्तरेचे वेल्शवाले आपल्या डोक्यावर बसतील. १९९७ मध्ये 'हो' जिंकलं ते ५०.३ टक्क्यांनी, अवघ्या ६,७२१ मतांच्या फरकाने. रग्बीच्या सामन्याला मात्र हेच दक्षिणेतले लोक कार्डिफमध्ये वेल्श राष्ट्रगीत पाठ म्हणतात, अर्थ येवो न येवो.

पुढचा भाग ब्रिटनकडेच राहिलेल्या उत्तर आयर्लंडवर आहे, असं लेखाखाली जाहीर केलंय. लेखकाला एक विनंती. कॅथलिक तेवढे आयरिश आणि प्रोटेस्टंट तेवढे ब्रिटिश, अशी वाटणी कृपया करू नये. आयरिश स्वातंत्र्याचा आद्य पुरस्कर्ता वुल्फ टोन प्रोटेस्टंट होता, डग्लस हाइड प्रोटेस्टंट पाद्र्याचा मुलगा, आणि १७९१ मध्ये बेलफास्टला 'युनायटेड आयरिशमेन' ही क्रांतिकारक संघटना स्थापन करणारे बहुतेक प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटच. शिवाय १९९८ च्या शांतता करारानुसार तिथे जन्मलेल्या माणसाला स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा आणि दोन्ही पासपोर्ट बाळगण्याचा हक्क आहे.

कळावे,
एक निवृत्त डॉक्टर, उत्तर वेल्स