पेंटरकाका, हे पत्र तुमच्यासाठी

पेंटरकाका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पुढे चला" म्हणून विषय उडवून लावता, हे आता आमच्या सगळ्या टोळक्याला पाठ झालंय. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. भिंतींवरची चित्रं शोधत मित्रमैत्रिणींबरोबर पायी भटकणारे आमच्यासारखे पुष्कळ जण आहेत. तुम्ही आम्हाला जे सहज देऊन टाकलंत, ते त्यांच्याही कानावर जावं.

आम्ही तुम्हाला फक्त पत्ता विचारला होता. तुम्ही शिडीवर उभं राहून एका शटरवर अक्षरं काढत होतात. "इथं जवळपास भिंतीवर मोठं चित्र आहे ना?" तुम्ही मान न वळवता विचारलंत, "कुठलं? चार आहेत." मग डब्यावर झाकण ठेवलंत, ब्रश फडक्यात गुंडाळलात आणि "पहिला हात वाळेपर्यंत दाखवून आणतो" म्हणत निघालात. दुसरा हात त्या दिवशी शटरला लागला की नाही, देव जाणे. संध्याकाळपर्यंत तुम्ही आमच्याबरोबर होतात.

मोबाइलच्या नकाशावरच्या एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत चालायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, "मोठ्या रस्त्यावर काय बघता? इमारतींच्या मागच्या अंगाला चला." कारणही लगेच सांगितलंत. मोठं चित्र काढायला खिडक्या नसलेली सलग भिंत लागते. रस्त्याकडच्या बाजूला खिडक्या, गॅलऱ्या, पाट्या. सलग भिंत सापडते ती शेजारची इमारत पाडल्यावर उघड्या पडलेल्या कुशीत, वाहनतळाच्या कडेला, पुलाच्या खांबांवर, रुळांलगतच्या संरक्षक भिंतीवर. त्या दिवसापासून आम्ही चित्रं शोधायचं सोडून भिंती शोधायला लागलो, आणि चित्रं आपोआप सापडू लागली.

तुम्ही दाखवलेलं त्या उंच भित्तिचित्राचं खालचं टोक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. वर एका बाईचा चार मजली चेहरा, आणि खाली, रंगाचा थर पातळ राहिला होता तिथे, अर्धवट झाकलेले गिचमिड आकार: एक त्रिकोण, एक वेटोळं, अर्धा "क". आम्हाला वाटलं, पोरासोरांचा उद्योग. तुम्ही हसलात. "चित्र काढणाऱ्यांचाच आहे तो. हे काम चालू होतं तेव्हा मी रोज बघायला यायचो." मग तुम्ही उकल करून सांगितलंत. आधी कोऱ्या भिंतीवर असे वेडेवाकडे आकार हवे तसे काढायचे, त्या भिंतीचा फोटो घ्यायचा आणि फोनमध्ये मूळ रेखाटन त्या फोटोवर पसरायचं. मग परांचीवर चढल्यावर कळतं, डोळ्याचा कोपरा वेटोळ्याच्या डावीकडे, नाकाची रेघ त्रिकोणातून. इतक्या जवळून चेहरा दिसतच नसतो, त्या खुणाच दिसतात. "आम्ही दोऱ्याला खडूची पूड लावून सूत मारायचो, चौकटी आखायचो. या पोरांनी चौकटीच मोडीत काढल्या," असं म्हणताना तुमच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडी असूयाही. नाही म्हणू नका!

तिथेच तुम्ही एका ओघळावर बोट ठेवलंत. स्प्रेचा डबा भिंतीजवळ धरला की रेघ बारीक आणि धारदार येते, लांब धरला की धूसर पसरते. आणि जवळ धरून हात थबकला की रंग साचून ओघळतो. "इथं हात थांबलाय. का थांबला असेल?" उत्तर तुमच्याकडेही नव्हतं. पण आमच्यातल्या एकाला तेव्हापासून ओघळ शोधायचा छंदच जडलाय. अख्ख्या चित्राआधी त्याला ओघळ दिसतो.

रंगांबद्दल तुम्ही बोलता बोलता जे सांगितलंत, ते तर आम्ही कायमचं वापरतो. उन्हात आधी उडतात ते भडक लाल आणि पिवळे. गेरू, पिवळी माती यांसारखे लोहाचे रंग टिकतात, काळाही टिकतो. म्हणून निळसर पडलेला चेहरा दिसला की तो चित्रकारानं निळा काढला होता असं धरून चालायचं नाही. त्यातला लाल उडून गेलेला असू शकतो. आणि ओल आलेल्या भिंतीवर रंग कितीही भारी लावा, आतला क्षार पांढऱ्या भुकटीसारखा वर येतो आणि पोपडे सुटतात. अशाच एका पोपड्याची कड तुम्ही नखानं दाखवलीत (उचकटली नाहीत, उलट हात पुढे करणाऱ्याला दटावलंत): वर हिरवा, त्याखाली पांढरा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात), त्याखाली कुठल्याशा जुन्या जाहिरातीचा निळा. नखाएवढ्या जागेत त्या भिंतीचा सगळा इतिहास.

एका बाबतीत मात्र आपलं जमलं नाही, आणि अजूनही जमत नाही. स्टेन्सिल! तुमच्या मते ती चोरवाट. "कापलेल्या पुठ्ठ्यावर फवारा मारायला हात कशाला लागतो?" मी तेव्हा तुम्हाला पॅरिसच्या ब्लेक ल रॅटबद्दल सांगितलं. त्यानं १९८१ पासून तिथल्या भिंतींवर स्टेन्सिलनं उंदीर उमटवले; ब्रिस्टलचा बँक्सी त्याच वाटेनं पुढे गेला. परवानगी नसताना भिंतीसमोर जितका कमी वेळ उभं राहावं लागेल तितकं बरं, म्हणून अवघड काम घरी पुठ्ठा कापताना उरकायचं. तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "मग ठीक. पण 'ठ' कापून दाखव म्हणावं." हे आम्हाला कुणाला सुचलंच नसतं! "ठ"चं पोट कापलं की मधला तुकडा गळून पडतो. तो धरून ठेवायला बारीक पट्टी सोडावी लागते, आणि ती छापल्यावर अक्षरात फट म्हणून दिसते. "ब", "व" यांचंही तेच. आता स्टेन्सिल दिसली की आम्ही आधी ती फट शोधतो. वाद कायम आहे, पण वाद घालायला मुद्दा तुम्हीच पुरवलात.

मग तो रविवार. ज्या भिंतीसाठी आम्ही पाहुण्या मित्रांना मुद्दाम घेऊन गेलो, ती आठवड्याभरात सपाट राखाडी झालेली. आम्ही चिडलो, कुणाला पत्र लिहायचं यावर चर्चा सुरू झाली. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या फाइव्ह पॉइंट्झ या भित्तिचित्रांनी भरलेल्या इमारतीचं उदाहरण निघालं. २०१३ मध्ये मालकानं तिथली चित्रं रातोरात पांढऱ्या रंगानं पुसली. पुढे २०१८ मध्ये न्यायालयानं २१ कलावंतांना सुमारे ६७ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. दुसऱ्या मित्रानं उलटी गोष्ट सांगितली: ब्लू नावाच्या इटालियन चित्रकारानं २०१६ मध्ये बोलोन्यातली आपली चित्रं स्वतःच राखाडी केली, कारण काही जण भिंतींवरची चित्रं उतरवून ती प्रदर्शनात मांडायला निघाले होते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि त्या भिंतीवर हात फिरवून म्हणालात, "एकच हात मारलाय, प्रायमर नाही. दोन पावसाळ्यांत खालचं दिसायला लागेल." राग कुठल्या कुठे गेला. आता त्या भिंतीकडे मुद्दाम चक्कर असते.

आणि काका, एक गोष्ट तुम्ही आमच्यापासून लपवलीत. इतक्या भिंती दाखवल्यात, पण तुम्ही रंगवलेल्या पाट्यांसमोरून जाताना पाय उचलून चालायचात. आमच्या आर्किटेक्ट मैत्रिणीनं एका जुन्या लाकडी पाटीवरच्या "श्री"ची वेलांटी बघून तुम्हाला पकडलं. तिच्या टोकाचा तो बाक तिनं तुमच्या शटरवर पाहिला होता. तेव्हा कुठे कळलं की फ्लेक्स आल्यावर पाट्यांची कामं कशी आटली आणि शटरं, गाड्यांचे नंबर, क्वचित एखादं नाव एवढंच हातात कसं उरलं. तुम्ही हे रडगाणं म्हणून सांगितलं नाहीत. पण आमच्या मते ती पाटी कुठल्याही चार मजली चेहऱ्याच्या तोडीची आहे. त्या वेलांटीत एकही जोड नाही. ब्रश एकदा टेकला तो शेवटीच उचलला. आमच्या फिरण्यात आता हातानं रंगवलेल्या पाट्याही असतात, आणि नवा कुणी आला की आधी तीच पाटी दाखवतो.

तर, मनापासून आभार. उन्हातान्हात गुडघे सांभाळत आमच्याबरोबर चाललात त्याबद्दल, आणि आमच्या अडाणी प्रश्नांना कधी "एवढंही कळत नाही?" म्हणाला नाहीत त्याबद्दल तर जास्तच.

जाता जाता एक काम. भुयारी मार्गातली लांब भिंत रंगवायला रीतसर परवानगी मिळतेय. चित्र काढणारी पोरं तयार आहेत, पण मधल्या पट्ट्यात मराठी अक्षरं हवीत आणि एवढ्या आकाराची अक्षरं त्यांच्यातल्या कुणी काढलेली नाहीत. आम्ही न विचारताच तुमचं नाव पुढे केलंय. दोऱ्याला खडू लावायला आम्ही आहोत. स्टेन्सिल वापरणार नाही, असं त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतलंय. तेव्हा होकार कळवा.

तुमचीच,
रविवारची भटकी टोळी